कार्तोदिपुरोचे आकडे

अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या मराठी मंडळात सुमेधा हर्डीकर ओळखली जायची ती तिच्या कानांसाठी. चौतीस वर्षं तिनं एका मोटार कंपनीच्या आवाज-चाचणी विभागात काढली होती. गाडीत कुठून काय खडखडतंय, का खडखडतंय, हे शोधायचं आणि आकड्यांत मांडायचं, हे तिचं काम. गणपतीच्या पॉटलकला कुणी ना कुणी तिला हाताला धरून पार्किंग लॉटमध्ये न्यायचंच. "काकू, जरा ऐका ना, काहीतरी घरघरतंय." काकू शेजारच्या सीटवर बसायच्या, एक चक्कर मारून यायच्या आणि सांगायच्या, मागचं डावं बेअरिंग. मेकॅनिक पुढे तेच सांगायचा, फक्त दोन दिवस ठेवून घेऊन.

नागपूरहून ती १९८४ साली मिशिगनला आली. नवरा कुमार हार्ट स्पेशालिस्ट, आता रिटायर्ड. मुलगी आन्या शिकागोत वकील. सुमेधा रिटायर झाली आणि घरात बसून फ्रिजच्या कॉम्प्रेसरचा आवाज ऐकण्यापेक्षा काहीतरी करावं म्हणून चाळीस मिनिटांवरच्या विद्यापीठातल्या गामेलानच्या वर्गाला जाऊ लागली. गामेलान म्हणजे जावा बेटावरचा वाद्यांचा संच. पितळी घंटा, काशाच्या पट्ट्या, माणसाच्या उंचीची एक मोठी थाळी, आणि भोवती जमिनीवर मांडी घालून बसलेली पंधरा माणसं. तिला भूल पडली ती एका गोष्टीची. एका गावच्या संचाचे सूर दुसऱ्या गावच्या संचाशी जुळत नाहीत, आणि ते जुळावेत अशी कुणाची इच्छाही नसते. प्रत्येक संच घडवणारा कारागीर आपल्या कानाला गोड वाटेल तसं पाच सुरांमधलं अंतर थोडं कमी-जास्त ठेवतो. जन्मभर दहा हजार गाड्या एकसारख्या वाजवायचा प्रयत्न केलेल्या बाईला याची गंमत वाटली नसती तरच नवल.

शिकवायचे ते पाक हार्जितो. पाक म्हणजे आपल्याकडच्या काकांसारखं. जावातल्या सोलो शहरातला पन्नाशीचा, मितभाषी माणूस. तिच्याहून लहान असूनही ती त्यांना पाकच म्हणायची आणि ते तिला इबू, म्हणजे काकू, म्हणायचे. सुरांच्या अंतरांबद्दल ती फार प्रश्न विचारायला लागली तेव्हा त्यांनी तिला लायब्ररीतून दोन जाडजूड खंड आणून दिले. हेंड्रिक व्हान लूनेन नावाच्या डच सरकारी अधिकाऱ्यानं १९३४ साली लिहिलेले, जावावर डचांचं राज्य होतं तेव्हा. त्यानं जावातल्या ब्याऐंशी गामेलानांचे सूर मोजून कोष्टकं केली होती. पाक म्हणाले की या विषयावर कुणीही काही लिहिलं तरी सुरुवात इथूनच करतात.

डच भाषा तिला येत नव्हती, पण आकडे येत होते, आणि बाकीचं फोन भाषांतर करून देत होता. ती कोष्टकं तिनं एखाद्या जुन्या सहकाऱ्याचा टेस्ट रिपोर्ट वाचावा तशी वाचली. प्रत्येक पट्टीची तीन-तीन मोजमापं. सकाळी घेतलं की दुपारी, वाद्य सावलीत होतं की उन्हात, याची नोंद. तापलेलं कासं सुरात खाली उतरतं हे माहीत असलेल्या माणसाचं काम होतं ते. ती कुमारला म्हणाली, "हा माणूस आमच्या लॅबमध्ये असता तर मी त्याला डोळे झाकून घेतलं असतं."

मग तिनं प्रस्तावना वाचली. व्हान लूनेन सांगत होता की आजारपणामुळे १९३१ सालच्या एप्रिल ते नोव्हेंबर या काळात त्याला हॉलंडला जाऊन राहावं लागलं. सुमेधानं कोष्टकाच्या तारखा पुन्हा पाहिल्या. चौदा गामेलानांची मोजमापं त्याच वर्षीच्या जून ते सप्टेंबरमधली होती. साहेब हॉलंडमध्ये आणि आकडे जावात. तिला आधी वाटलं छपाईची चूक असेल. मग तिनं आभाराचं पान काढलं. गव्हर्नरचे आभार होते, दोन संस्थानिकांचे होते, सोशिक बायकोचे होते. डोंगरातल्या गावांत त्याला बिनतक्रार पोचवणाऱ्या ब्रूनो नावाच्या घोड्याचेही होते. आणि सगळ्यात शेवटी, "मोजणीच्या कामी उपयोगी पडलेल्या एका स्थानिक मदतनिसाचे."

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"घोड्याचं नाव आहे, कुमार," ती म्हणाली. "घोड्याचं नाव छापलंय."

कुमारनं वर न बघता सांगितलं की शंभर वर्षांपूर्वी असंच चालायचं. ते तिलाही ठाऊक होतं. चालायचं म्हणून चालतं, हेच तर तिला सोसत नव्हतं. त्याचं कारण तिनं कुमारलासुद्धा फारसं सांगितलेलं नव्हतं. १९९१ साली एका नव्या गाडीच्या मागच्या ॲक्सलमधली शीळ तिनं सात महिने खपून शोधली होती. त्यावरचा पेपर परिषदेत वाचला गेला तो तिच्या बॉसच्या नावावर. आयत्या बिळावरचा नागोबा पहिल्या रांगेत बसून टाळ्या घेत होता. तिचं ग्रीन कार्ड त्याच बॉसच्या सहीवर अडकलेलं होतं, म्हणून तीही टाळ्या वाजवत बसली. त्या टाळ्यांची चीड तिला त्या बॉसच्या चोरीपेक्षा जास्त होती.

युद्धानंतर व्हान लूनेनचा मुलगा अमेरिकेत येऊन पश्चिम मिशिगनमधल्या एका डच वस्तीच्या गावात स्थायिक झाला होता, आणि बापाचे कागद त्यानं तिथल्या छोट्या म्युझियमला दिले होते. म्हणजे सगळा ऐवज नोव्हायपासून अडीच तासांवर होता. सुमेधानं अपॉइंटमेंट घेतली आणि एका मंगळवारी ड्राइव्ह करत गेली. क्युरेटर कॅरल नावाची हसतमुख बाई होती. तिनं कापडी बांधणीच्या अकरा लांबट वह्या टेबलावर आणून ठेवल्या. यादीत नोंद होती ती अशी: व्हान लूनेन यांच्या मोजणीच्या वह्या, काही मजकूर स्थानिक लिपीत, हस्ताक्षर अज्ञात.

हस्ताक्षर सगळ्या अकरा वह्यांत एकच होतं. बारीक, सरळ, एकही खाडाखोड नसलेलं. एका तारेच्या मोजणीच्या पेटीवर सूर जुळवून तारेची लांबी वाचायची, ती लिहायची, पुन्हा जुळवायचं, पुन्हा लिहायचं. आणि प्रत्येक पानाच्या तळाशी वळणदार जावानी लिपीतली एक ओळ, दर पानावर तीच. सुमेधानं कॅरलला विचारलं की हे काय लिहिलंय. कॅरल म्हणाली की बहुधा नक्षी असावी, असं आधीच्या क्युरेटरांचं मत होतं.

सुमेधानं ओळीचा फोटो काढून पाक हार्जितोंना पाठवला. चार मिनिटांत उत्तर आलं. "नक्षी नाही. सही आहे. कार्तोदिपुरो, पाटबंधारे कचेरीतला कारकून." खाली गावाचं नाव होतं. साठ वर्षं त्या वह्या या इमारतीत होत्या. साठ वर्षांत ती ओळ वाचता येणारा एक माणूस शोधावा असं कुणाच्या मनात आलं नव्हतं, आणि कागदावर मात्र हस्ताक्षर अज्ञात. त्या माणसानं पानोपानी आपलं नाव लिहून ठेवलं होतं. अज्ञात तो नव्हता, अडाणी हे होते. हे ती कॅरलला मोठ्यानं बोलली नाही, पण तिच्या तोंडावर ते आलं असावं, कारण कॅरल कॉफी आणायला गेली ती अर्धा तास आली नाही.

त्या अर्ध्या तासात तिला लाल पेन्सिल दिसली. नवव्या वहीपासून तिसऱ्या पट्टीचे आकडे कुणीतरी खोडून वर दुसरे लिहिले होते. हात वेगळा होता, उतावळा, तिरपा. तिनं पुस्तकातल्या कोष्टकांचे फोटो शेजारी ठेवून ताडून पाहिलं. छापलेले आकडे लाल पेन्सिलीचे होते. पाच सुरांमधली अंतरं अगदी समसमान असतात, असा व्हान लूनेनचा सिद्धांत होता आणि त्याचं नाव त्यावरच झालं होतं. कार्तोदिपुरोचे आकडे त्या सिद्धांतात बसत नव्हते. म्हणून साहेबानं ते बसवले होते. एका खोडलेल्या आकड्याशेजारी समासात जावानी लिपीत दोन ओळी होत्या. त्याही तिनं पाठवल्या. या वेळी पाकनी फोन केला आणि हळू आवाजात वाचून दाखवलं.

"साहेबांनी कागदावर तिसरा सूर चढवला. कासं चढलेलं नाही. मी वाजलं तेच लिहिलं."

ती परत निघाली. नाव चोरलं ते चोरलंच, वर डेटा बदलला. नव्वद वर्षं लोक त्या आकड्यांवर डॉक्टरेट मिळवत होते. त्या दिवशी हायवेवर तिला दोनदा बाजूला थांबावं लागलं.

पुढचे तीन महिने तिनं सगळ्या अकरा वह्या फोटो काढून उतरवल्या. जावानी मजकूर पाक हार्जितो दर रविवारी तिच्या डायनिंग टेबलावर बसून वाचायचे आणि ती टाइप करायची. कुमार दोघांना पोहे करून द्यायचा. एकशे एकोणचाळीस आकडे बदललेले निघाले. त्याच सुमारास कळलं की म्युझियम येत्या वसंतात व्हान लूनेनवर एक प्रदर्शन भरवतंय, "जावा ऐकणारा माणूस" या नावाचं. सुमेधानं कॅरलला चार पानी पत्र लिहिलं. उत्तर गोड होतं. म्युझियम तिच्या परिश्रमांची कदर करतं, पण पाट्या छापून झाल्या आहेत, आणि व्हान लूनेन कुटुंब जुने देणगीदार आहे. एका पाटीत "स्थानिक सहकार्याने" हे शब्द घालता येतील. उद्घाटनाला विद्यापीठाच्या गामेलानचं वादन ठरलंच आहे, तेव्हा सुमेधानं त्याआधी पाच मिनिटं सुरांच्या मोजणीबद्दल बोलावं.

आन्या फोनवर म्हणाली, "आई, लेट इट गो. दे आर नॉट गोइंग टू चेंज." कुमारनं तिचं ब्लडप्रेशर तपासलं आणि आकडा सांगितला नाही. सुमेधानं पाच मिनिटांचं आमंत्रण स्वीकारलं.

मे महिना होता, गावात ट्यूलिप बघायला आलेल्यांची गर्दी होती. म्युझियमच्या हॉलमध्ये ऐंशी-नव्वद माणसं, मागे वाद्यं मांडलेली, वाद्यांमागे पाक हार्जितो आणि बाकीची मंडळी बसलेली. भिंतीवर व्हान लूनेनचा दारापेक्षा मोठा फोटो. सुमेधा उभी राहिली. तिनं लॅपटॉपवरून पाच सूर ऐकवले. मग तेच पाच पुन्हा ऐकवले, तिसरा किंचित चढवून. पहिले वहीतले होते, दुसरे पुस्तकातले. न शिकलेल्या कानालाही फरक कळत होता. पहिल्यात तिसरा सूर जरा मागे रेलून बसायचा, दुसऱ्यात तो काठी गिळल्यासारखा ताठ.

"पहिले आकडे कार्तोदिपुरो नावाच्या कारकुनानं घेतले," ती म्हणाली. "दुसरे या फोटोतल्या गृहस्थांनी लाल पेन्सिलीनं तयार केले. त्यांनी आपल्या घोड्याचे नाव घेऊन आभार मानले आहेत. कार्तोदिपुरोचं नाव या संपूर्ण हॉलमध्ये कुठेही नाही." मग तिनं समासातल्या दोन ओळी वाचल्या.

पहिल्या रांगेतली एक उंच, पांढऱ्या केसांची बाई उठली. ती मारियान व्हान लूनेन होती, त्या अधिकाऱ्याची नात. "माझे आजोबा १९४४ साली जपान्यांच्या छावणीत उपासमारीनं मेले," ती म्हणाली. "त्यांचं वजन तेव्हा अडतीस किलो होतं. त्यांना चोर म्हणायला तुम्ही इथे आलात?"

सुमेधाला हे माहीत नव्हतं. पण राग इतका वर आला होता की तो थांबला नाही.

"त्यांच्या मरणाचं मला वाईट वाटतं," ती म्हणाली. "पण ते कुठे मेले, कधी मेले, वजन किती होतं, हे तुम्हाला माहीत आहे. कार्तोदिपुरोचं काय झालं ते मला सांगा."

मारियान पर्स उचलून निघून गेली. कॅरलनं घाईघाईनं माइक घेतला, आणि वादन सुरू झालं. सुमेधा आपल्या वाद्यामागे जाऊन बसली आणि तिचे दोन-तीन ठोके चुकले.

परतताना वाद्यांच्या व्हॅनमध्ये ती पाक हार्जितोंच्या शेजारी होती. तिला वाटत होतं ते काहीतरी म्हणतील. तासाभरानं पेट्रोल भरायला थांबले असताना, नळी टाकीत लावून, तिच्याकडे न बघता म्हणाले, "इबू, ती लिपी मी वाचली. तुम्ही आज माझं नाव घेतलं नाहीत."

सुमेधानं मनातल्या मनात पाचही मिनिटं पुन्हा चालवून पाहिली. खरंच घेतलं नव्हतं. माणूस तिच्या पाठीमागे सहा फुटांवर बसला होता, बारा रविवार तिच्या टेबलावर बसला होता, आणि ती "मला आढळलं", "मी वाचलं" म्हणत होती. सॉरी म्हणायला तिनं तोंड उघडलं, पण तो शब्द त्या पेट्रोलच्या वासात फारच हलका वाटला. ती एवढंच म्हणाली, "नाही घेतलं. माझं चुकलं." पाक हार्जितोंनी मान हलवली आणि पावती घ्यायला आत गेले.

त्या रात्रीच नव्हे, त्यापुढच्या कित्येक दिवसांत तिला धड जेवण गेलं नाही. इतकी वर्षं तिचा राग लोकांवर होता, आणि तो बाळगणं तसं सोपं होतं. हा वेगळा होता. लेखाच्या कामाला रविवारी पाक येतील की नाही याची तिला खात्री नव्हती. ते आले, दहा मिनिटं उशिरा. तिनं दारातच सांगितलं की वह्यांवरचा लेख दोघांच्या नावानं जाईल, आणि त्यांचं नाव पहिलं असेल. ते म्हणाले की पहिलं नाव कार्तोदिपुरोचं असावं. मेलेल्या माणसाला लेखक कसं करायचं यावर दोघांनी दोन तास वाद घातला. कुमार म्हणतो की त्या घरात इतकं मोठ्यानं बोललेलं त्यानं त्याआधी ऐकलं नव्हतं. शेवटी पाक जिंकले. एका छोट्या संशोधनपत्रिकेनं तीन नावं त्याच क्रमानं छापली, पहिल्या नावापुढे निधनाची खूण करून, कारण कार्तोदिपुरो १९४८ साली वारले हे तोवर कळलं होतं. पाकच्या बहिणीनं सोलोहून त्या गावी जाऊन कार्तोदिपुरोंची नात शोधून काढली होती. इबू सुलास्त्री, बहात्तर वर्षांच्या, रिटायर्ड शिक्षिका.

प्रदर्शनाच्या पाट्या शेवटपर्यंत बदलल्या नाहीत. म्युझियमच्या यादीतली नोंद अकरा महिन्यांनी बदलली. "हस्ताक्षर अज्ञात" जाऊन तिथे कार्तोदिपुरोचं नाव आलं, स्पेलिंगमध्ये एक चूक करून. सुमेधानं ती चूक दाखवणारी ईमेल पाठवली. मग दुसरी पाठवली. तिसरीला उत्तर आलं.

त्याच आठवड्यात पोस्टानं एक पाकीट आलं. पाठवणारी मारियान व्हान लूनेन. आत एक जुना फोटो आणि चिठ्ठी. "तुमचं म्हणणं मला मान्य नाही. पण हा वडिलांच्या आल्बममध्ये होता. बसलेला माणूस तुमचा असावा." फोटोत एक बारीक जावानी गृहस्थ, डोक्याला बांधलेलं नक्षीचं कापड, मांडीवर एका तारेची पेटी, कान तिच्याकडे झुकलेला. मागे पांढऱ्या सुटात व्हान लूनेन उभा, कॅमेऱ्याकडे बघत, एक हात त्या गृहस्थाच्या खांद्यावर ठेवून. फोटोमागे तारीख होती, गाव होतं आणि नाव एकच होतं, साहेबाचं. सुमेधाला पुन्हा भडका उडाल्यासारखं झालं. तरी तिनं मारियानला चार ओळींचं पत्र लिहिलं, आभाराचं, आणि फोटो स्कॅन करून सोलोला पाकच्या बहिणीकडे पाठवला.

इबू सुलास्त्रींनी व्हिडिओ कॉल केला. पाक भाषांतर करत होते. म्हातारी आधी बराच वेळ रडली. घरात आजोबांचा एकही फोटो नव्हता, तिनं त्यांना पाहिलेलंच नव्हतं. मग डोळे पुसून तिनं एक विनंती केली. "त्या साहेबाला कापून टाका. मला भिंतीवर फक्त आजोबा हवेत."

सुमेधा लॅपटॉपसमोर बसली. कुमार तिच्या मागे येऊन उभा राहिला. दुसऱ्याचं रेकॉर्ड बदललं म्हणून वर्षभर तू जगाशी भांडलीस, तो म्हणाला, आणि आता तू काय करतेयस?

"माहीत आहे मला," ती म्हणाली, आणि तिनं फोटो कापला.

साहेबाचं डोकं गेलं, पांढरा सूट गेला, पाय गेले. खांद्यावरची चार बोटं मात्र राहिली. ती कापायची तर खांदाच गेला असता. ती पुसून टाकणं कॉम्प्युटरवर दोन मिनिटांचं काम होतं, आणि तिनं कर्सर तिथपर्यंत नेलाही. मग हात मागे घेतला. बोटं तिथे होती. ती नव्हती असं दाखवणं तिच्यानं होईना. तिनं तो तसाच पाठवला, आणि बोटं का ठेवली ते इबू सुलास्त्रींना समजावून सांगायला पाकना सांगितलं.

पंधरा दिवसांनी सोलोहून भिंतीचा फोटो आला. इबू सुलास्त्रींनी कुणाला काही न विचारता फ्रेमवाल्याकडून आत रुंद पुठ्ठ्याची पट्टी बसवून घेतली होती. पट्टी बरोबर खांद्याच्या कडेला येत होती आणि बोटं तिच्याखाली गेली होती.